कोजागिरीची कानटोपी

"त्याले मिशी शे, म्हनीसन मी त्यानाकडथीन गूळ लेत नई!"

हे वाक्य मी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं. कुंपणापलीकडच्या अंगणात सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी रिकामी पिशवी घेऊन उभी होती. तिच्यासमोर तिची मामी, पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवून.

"आते गूळले बी मिशी फुटस का?" मामीनं विचारलं.

"गूळले नई, वाणीले. इतली मोठी मिशी! तोंडच दखात नई त्यानं. तोंड दखात नई त्यानासंगे मी काय बोलू?"

असं म्हणून ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला निघाली. तिथल्या दुकानदाराचा गूळ काळा असे, मापही तो मारी, पण रोज सकाळी मिशी साफ करत असे. भर दुपार होती. कोजागिरी नुकतीच झाली होती आणि आश्विनातलं ऊन अंगणात नुसतं उकळत होतं. त्या उन्हात त्या मुलीच्या डोक्यावर लोकरीची लाल कानटोपी होती. वर गोंडा, हनुवटीखाली नाडीची गच्च गाठ.

ही जसोदा.

आम्ही तळोद्याला नवीन होतो. वडील जंगलखात्यात, त्यामुळे बदल्यांची सवय होती. मी मात्र इतकी वर्षं नाशिकला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकले होते आणि शेवटची परीक्षा देऊन घरी आले होते. मला पुढं शिकवायचं की माझं लग्न करायचं यावर घरात बोलणं चालू होतं. मला कुणी विचारत नव्हतं. शाळेत मुली माझ्या इंग्रजीला हसत, घरी नातेवाईक माझ्या मराठीला. तळोद्यात तर सगळीकडे अहिराणी. ती मला कळायला लागली होती, पण एकदा बाजारात "वांगा कसा दिन्हात?" असं विचारलं आणि भाजीवाल्या बायांची अख्खी ओळ माझ्या उच्चारांना खळखळून हसली. रागानं नव्हे, कौतुकानंच हसल्या असतील. तेव्हापासून मी बोलणं कमी केलं. बोलावंच लागलं तर ओठांवर हात ठेवून, खाली बघून बोलायचे.

जसोदाला हे पहिल्या भेटीतच खटकलं. ती कुंपणाच्या फटीतून सरळ आमच्या पडवीत आली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे. मी काहीतरी पुटपुटले, तशी तिनं माझं मनगट धरलं आणि हात खाली ओढला.

"तुन्हं तोंड पेटी शे का, ताई? किल्ली कोठे ठेवी?"

मग तिनं कमरेच्या कनवटीतून एक पत्र्याची डबी काढली, करंगळी आत फिरवली आणि मी नको म्हणायच्या आत माझ्या खालच्या ओठाला लावूनही टाकली. मेणाचा आणि तिळाच्या तेलाचा वास आला. मी पदरानं ओठ पुसला. तिला त्याचं काही वाटलं नाही.

"व्हट म्हंजे घरना उंबरा," ती मला समजावून सांगू लागली. "उंबरा फुटना ते घरमां कोन येस, कोन जास?"

याचा अर्थ काय, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर मिळालं नसतं, कारण जसोदा दुसऱ्याला बोलायला फारशी जागाच ठेवत नसे. एकदा सुरू झाली की गाडीच्या चाकासारखी चालायची. आवाज तर असा की आमची आई म्हणायची, "ही हळू बोलली तर सातपुड्यात ऐकू जाईल."

डबीतला माल ती स्वतः करायची. आठवड्याच्या बाजाराला डोंगरातून पावरा बाया मध आणि मेण घेऊन येत. त्यांतली एक उंच, दात पुढे आलेली बाई जसोदाची खास. तिला अहिराणी येत नसे आणि जसोदाला पावरी. तरी दोघी समोरासमोर उकिडव्या बसून घासाघीस करत, भुवया उडवत, बोटं नाचवत, मधेच टाळ्या देऊन हसत. बाजारात इतर कुणाशी जसोदा इतकी रमलेली मी पाहिली नाही. मेण आणलं की चुलीच्या कडेला वाटीत वितळवायचं, तिळाचं तेल घालायचं, आणि रतनजोतीची एक काडी त्यात बुडवून ठेवायची. काडीतून लाल रंग उतरायचा. "पाव्हनी जावानं शे ते जास्ती लाल, मयताले जावानं शे ते बिनरंगी," असा तिचा नियम. थंडी वाढली की मेण कमी आणि तेल जास्त.

डब्या करीमचाचा करून देत. त्यांचं टिनकामाचं दुकान मशिदीच्या गल्लीत होतं. रॉकेलच्या डब्याच्या पत्र्यातून ते सुपारीएवढ्या डब्या वळत. चाचांना छातीपर्यंत पांढरी दाढी होती. मी एकदा धीर करून जसोदाला विचारलं, मग हे कसे चालतात?

"दाढी चाली," ती म्हणाली. "दाढी खाले ऱ्हास. वरना व्हट दख, कसा साफ शे! मिशी नको." मग चाचांकडे वळून, "चाचा, तुमना व्हट बठ्ठा गावमां नंबर एक शे!"

"या अल्ला," चाचा हातोडी खाली ठेवत म्हणाले, "सत्तर बरसमें किसीने नहीं बोला."

अशी एक डबी ती एका आण्याला विकायची. नवे पैसे आल्यापासून आण्याचे किती द्यायचे यावर गल्लीत वाद व्हायचे, म्हणून पुष्कळदा ती तशीच देऊन टाकायची. मी नाशिकहून आणलेली काचेची बाटली तिला दाखवली, गुलाबी मलमाची, इंग्रजी चिठ्ठी लावलेली. तिनं हुंगली, बोटावर घेतली, चोळली आणि परत दिली. "वास गुलाबना. पन थंडीमां दोन घडी टिकाव नई. आनि इतला पैसा! याना पैसामां मी अख्खी गल्लीना व्हट लाल करू."

पण ओठ हा तिचा अर्धाच संसार. उरलेला अर्धा म्हणजे थंडीचा पोशाख.

गल्लीत सांगत, दर कोजागिरीच्या रात्री सगळे गच्चीवर दूध प्यायला जमले की जसोदा टोपी घालून वर यायची. सगळे हसायचे. ती गोंडा हलवून सगळ्यांना दाखवायची, आणि मग होळीपर्यंत ती टोपी डोक्यावरून उतरत नसे. फुलांच्या छिटाचं पोलकं, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, दोन वेण्या टोपीखालून बाहेर. दर वर्षी नवी टोपी; लोकर मात्र जुनीच, कुणाकुणाच्या विरलेल्या स्वेटरची उसवून धुतलेली. सुया म्हणजे सायकलच्या चाकातल्या तारा, टोकं दगडावर घासून गोल केलेल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांची बाळं, म्हातारी माणसं, सगळ्यांना तिनं टोप्या विणल्या होत्या. मापं न घेता विणायची, त्यामुळे काहींच्या टोप्या नाकापर्यंत यायच्या. पण एक गोष्ट कधी चुकली नाही. कान झाकलेले, तोंड उघडं.

"कान झाका, तोंड उघाडं ठेवा!" हे ती गल्लीतून जाता-येता ओरडायची. दवंडीवाल्यानं मुलगी पाळली असती तर ती अशीच निघाली असती.

मफलर हा तिचा शत्रू. तिच्या मामांनी एकदा नंदुरबारहून चांगला तपकिरी मफलर आणला. पहाटे कपाशीच्या वेचणीला जाताना ते नाकातोंडावरून गुंडाळून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी मफलर खुंटीवर नव्हता. त्याच्या जागी तीन तपकिरी टोप्या टांगलेल्या होत्या, एक मामांच्या मापाची, दोन बैलांच्या.

मामा तापट, पण त्या दिवशी ते ओट्यावर बसून हसत सुटले. "बैलना कान झाकना! आनि बैलले हाक मारी ते त्यानी ऐकानं कसं?"

जसोदाही हसली. जरा उशिरा हसली. हे मी पाहिलं, पण तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

ज्याला बोलायचं नसतं त्याला बघायची सवय लागते. मी खिडकीतून बघत असे. संध्याकाळी कंदील लागला की जसोदा तो बोलणाऱ्याच्या तोंडासमोर नेऊन ठेवायची. मामी चिडायची, "माले काय आंधळी समजस का?" अंधार पुरता पडला की जसोदा गप्पांतून उठून जायची. उन्हाळ्यात, टोपी नसताना, ती म्हणे मामीचा मार खायची. "हाक मारी मारी मन्हा गळा बसी गया! दगड शे का तू?" असं म्हणत मामी पाठीत धपाटा घालायची. थंडीत मात्र मार नसे. थंडीत मामी टोपीवर राग काढायची. "ती टोपी काढ पहिले, मंग ऐकू येई तुले!" आणि जसोदा टोपीवर हात मारून म्हणायची, "हा, हा, टोपी शे ना!"

दिवाळी झाली. हवेत गारवा आला, ओठ तडकू लागले, डब्यांचा खप वाढला. एका दुपारी जसोदा अंगणात न्हाऊन केस वाळवत बसली होती. टोपी दांडीवर वाळत होती. मी कुंपणाच्या अलीकडे उभी होते. तिच्या पाठीमागं मामी विहिरीवरून भरलेली घागर घेऊन आली, पाय घसरला आणि तांब्याची घागर दगडी पायरीवर आदळली. मी दचकून मागं सरले. ओट्यावरचं कुत्रं पळालं. शेजारच्या घरातून कुणीतरी "काय व्हयनं?" म्हणून ओरडलं.

जसोदा फणीत अडकलेला केस सावकाश काढत होती.

मग तिनं वर पाहिलं. माझा चेहरा पाहिला, वळली, मागं सांडलेलं पाणी पाहिलं. मामी चिखलात बसून कंबर चोळत होती, तिला काही कळलं नव्हतं. जसोदा उठली, दांडीवरची ओली टोपी ओढली आणि ओल्या केसांवर घालून नाडी बांधली. तसंच जाऊन मामीला उठवलं.

दुसऱ्या दिवशी ती पडवीत आली तेव्हा पहिल्यांदाच हळू बोलली. इतकं हळू, की मला पुढं वाकावं लागलं. तिची आई आणि ती, दोघींना एकदमच मुदतीचा ताप आला होता. आई गेली. ती वाचली, पण एक कान पुरता गेला आणि दुसरा तेव्हापासून थोडा थोडा जात होता. मामांकडं आली तेव्हा बरंच ऐकू यायचं. आता नगारा वाजला तर पोटात कळायचा, एवढंच.

"कोणाले सांगू नको, ताई," ती म्हणाली. "टोपी शे तवलोंग मी बहिरी नई, येडी शे. येडीवर लोक हासतस. बहिरीवर कोणी हासत बी नई. तिनाकडे कोणी दखतच नई."

माझा हात ओठांवर होता. तिनं तो नेहमीसारखा खाली ओढला, आणि मग मी एक गोष्ट केली. आवाज न करता फक्त ओठ हलवून म्हटलं, "कोणाले नई सांगाव."

ती टाळ्या पिटत उठली. "अहिराणी बोलनी! ताई अहिराणी बोलनी!"

त्यानंतर आम्ही रोज अशाच बोलत बसायचो. ती ऐकत नव्हती, आणि मी आवाज काढत नव्हते. बिनआवाजाच्या माझ्या अहिराणीला कुणाला हसता येत नव्हतं. नाशिकची शाळा, वसतिगृहातल्या रविवारच्या संध्याकाळी, पुढं शिकायचं असून घरात ते सांगता न येणं, हे सगळं मी त्या पडवीत ओठांनी सांगितलं. आयुष्यात इतकं मी कधी बोलले नव्हते. आमच्या आईला वाटायचं, दोघी रुसल्या आहेत.

तुळशीचं लग्न झालं आणि मामांनी जसोदासाठी स्थळ आणलं. तापीकाठचं घर, कापूस, केळी, चार बैल. मुलगा शांत आहे म्हणत. जसोदाला घाई नव्हती, नकोही नव्हतं. "मामी कितला दिवस मन्हा मांगे ओरडी? तिन्हा बी गळा शे ना," ती म्हणाली. तिला भीती एकाच गोष्टीची होती. त्या घराची रीत तिच्या कानावर, म्हणजे डोळ्यांवर, आली होती. तिथल्या सुना-सासवा मोठ्या माणसांसमोर पदर नाकापर्यंत ओढून, त्याची कड दातांत धरून बोलत.

"बठ्ठ्या बायास्ना तोंड झाकेल," ती म्हणाली. "मी कोठे दखू?"

मग आम्ही बेत केला. पाहुणे पहिल्यांदा नाव विचारणार, मग शाळा, मग स्वयंपाक. हा क्रम सगळीकडे सारखाच. त्यापुढं काही विचारलं तर मी तिच्यासमोर बसून तोच प्रश्न ओठांनी सांगायचा. "आनि मी अडकनू ते?" तिनं विचारलं. "ते तू बोलशी?"

मी मान हलवली. ती मानेकडं न बघता ओठांकडंच बघत राहिली, तेव्हा मी म्हटलं, "हा." अर्थात आवाज न काढता.

पाहुणे आले त्या सकाळी मामीनं पहिलं काम केलं ते टोपी काढून घेण्याचं. "टोपी घालीसन कोन पोर दखाडस?" तिनं टोपी धान्याच्या कणगीत टाकली आणि वर झाकण ठेवलं. जसोदाचे केस चापूनचोपून बसवले. उघडे कान लहान आणि फिकट दिसत होते, वर्षाचे कितीतरी महिने ऊन न पाहिल्यासारखे. अंगावर मामीचं हिरवं लुगडं होतं. ओठ तिनं स्वतः रंगवले, पाहुण्यांसाठीच्या लाल डबीतून.

पाहुण्यांत मुलाचे वडील होते, आई होती आणि एक आत्या. वडिलांची मिशी अशी, की तिच्यापुढं वाण्याची मिशी म्हणजे काहीच नाही. जसोदानं ती पाहिली आणि तिचा चेहरा पडला. मला वाटलं, हसू येईल. आलं नाही. कारण त्याच वेळी मामीनं माझा दंड धरून मला मागं, दाराच्या कडेला बसवलं. "पाव्हनास्नी तोंडसमोर तू कसाले? आठे बस." मी जसोदाच्या पाठीमागं गेले.

बेत तिथंच संपला.

मिशीतून पहिला प्रश्न आला. जसोदानं मिशी हलायची थांबल्यावर नाव सांगितलं. दुसरा आला; तिनं सातवीपर्यंत शाळा सांगितली. तिसरा, तिनं पुरणपोळी आणि शेवभाजी सांगितली. क्रम बरोबर निघाला. मामा समाधानानं खाकरले. मीही श्वास सोडला.

मग मुलाची आई बोलली. मामा आणि नवरा समोर, म्हणून तिचा पदर नाकापर्यंत, कड दातांत. ती जरा पुढं सरकली आणि अगदी हळू म्हणाली, "तुन्ही माय कसाथीन गई, बेटा?"

आवाजात माया होती. त्या घरात हा प्रश्न जसोदाला कुणी विचारलेला मी कधी ऐकला नव्हता. ती माया जसोदाच्या पाठीमागं बसून मला ऐकू येत होती. समोर बसलेल्या जसोदाला फक्त एक हलणारा पदर दिसत होता.

ती थांबली. पदराकडं बघत राहिली. बाईनं प्रश्न पुन्हा विचारला, आणखी हळू. जसोदाची मान जराशी वळली, मला शोधायला. मी दिसले नसेन. मग तिनं कनवटीला हात घातला, डबी काढली, झाकण उघडलं आणि ती त्या बाईच्या पदरापुढं धरली.

"व्हट फुटना व्हतीन, मावशी," ती मोठ्यानं, फारच मोठ्यानं म्हणाली. "लावा ना. पदर काढा, आनि लावा!"

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि तोंड फिरवलं. मुलाच्या वडिलांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली, म्हणजे उठायची तयारी. "मेलेल मायनं इचारं ते पोर डबी दखाडस?" ते म्हणाले. "येडी शे का ही?"

"नई, नई," मामी घाबरून म्हणाली. "येडी नई, जरासी हट्टी शे..." आणि पुढचं न सुचून तिनंही पदर तोंडावर घेतला.

जसोदा एकेकाकडं बघत होती. मिशी. पदर. दुसरा पदर. मामांनी मान खाली घातलेली. त्या खोलीत तिला वाचता येईल असं एकही तोंड उरलं नव्हतं. काय घडलं हे तिला कळलं नव्हतं, काहीतरी घडलं एवढंच कळलं होतं. डबी धरलेला हात तसाच पुढं होता. ती पूर्ण मागं वळली आणि मला शोधून माझ्याकडं बघू लागली. डोळ्यांकडे नव्हे.

माझा हात ओठांवर होता.

तो मी खाली घेतला. उठून पुढं गेले आणि तिला दिसेल अशी त्या बाईच्या शेजारी बसले. सगळे माझ्याकडं वळले. आवाज आला तो मलाच परका वाटला, पण आला.

"मावशी," मी म्हटलं, "पदर थोडा खाले ल्या. ती येडी नई. ती व्हटवरथीन ऐकस."